आठव्या महिन्यात कोण येतं?

लेकराला कॅन्सर आहे असं कळलं की पहिले पंधरा दिवस घर माणसांनी भरून जातं. आत्या पंढरपूरहून येते, मामा अक्कलकोटहून अंगारा घेऊन येतो, गल्लीतल्या बायका आळीपाळीने डबे पोचवतात, बापाच्या कारखान्यातली पोरं वर्गणी काढतात. जाताना उंबऱ्यात चप्पल घालत प्रत्येक जण म्हणतो, "काही लागलं तर सांगा की ओ, अनमान करू नका." म्हणणारा मनापासूनच म्हणतो. पण त्या घराला नेमकं काय लागणार आहे हे तेव्हा त्या घरालाच ठाऊक नसतं. ठाऊक होतं तोवर माणसं पांगलेली असतात.

मुलांच्या सर्वात नेहमीच्या कॅन्सरचा उपचार दोन ते अडीच वर्षं चालतो आणि आपली मदत पहिल्या महिन्यातच संपते. या दोन वर्षांत घरात काय काय चालतं हे आधी समजलं, तर आपण कुठे कामाला येऊ शकतो तेही कळतं.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर रक्ताचा. त्यातही अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे ज्याला डॉक्टर नुसतं 'ए-एल-एल' म्हणतात तो. हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, रक्तपेशी तयार होतात. तिथे एका जातीच्या कच्च्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढायला लागतात आणि बाकीच्या पेशींना जागाच उरत नाही. लाल पेशी कमी पडल्या की लेकरू पांढरंफटक दिसतं, दमतं. प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, कमी पडल्या की अंगावर निळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येतं. कामाच्या पांढऱ्या पेशी कमी पडल्या की ताप हटत नाही. पाय दुखतात म्हणून रात्री रडणाऱ्या पोराला आपण "खेळून दमलाय" म्हणून तेल चोळतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं, म्हणून आईबापाला "आधी कसं कळलं नाही" हा प्रश्न कधीच विचारू नये.

हा आजार लागट नाही. एका ताटात जेवल्याने, एका पांघरुणात झोपल्याने तो कुणाला होत नाही. बहुतेक मुलांच्या बाबतीत तो आईबापाकडून आलेला नसतो. आईने गरोदरपणी काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. हे ठासून सांगायचं कारण असं, की अशा घरात पहिला बोल आईलाच लागतो, आणि तो लावणारं माणूस बहुतेकदा घरातलंच असतं.

आणि हा आजार बरा होतो. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली मुलांच्या कॅन्सरसाठी एक जागतिक मोहीम सुरू केली. २०३० पर्यंत जगभरात निदान ६० टक्के मुलं वाचावीत, हे तिचं उद्दिष्ट. आपल्यासारख्या देशांत आकडा खाली राहतो त्याची कारणं बरीच आहेत: उशिरा निदान, जंतुसंसर्ग, औषधांची टंचाई. पण एक कारण असं आहे की त्यात तुमचा-आमचा हात पोचतो. ते म्हणजे उपचार मध्येच सोडणं. पैसे संपतात, बापाची नोकरी जाते, गावी म्हातारी एकटी पडते, पोरगं बरं दिसायला लागतं, आणि घर ठरवतं, बास आता.

बरं दिसतं, तरी उपचार का?

पहिला टप्पा साधारण महिनाभराचा. डॉक्टर त्याला इंडक्शन म्हणतात. स्टेरॉइडच्या गोळ्या, आठवड्याला शिरेतून केमो, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं, मधूनमधून पाठीच्या मणक्यातून दिलेलं इंजेक्शन. हे पाठीतलं इंजेक्शन मेंदूच्या आवरणात दडलेल्या पेशींसाठी असतं, कारण शिरेतली बरीच औषधं तिथवर नीट पोचत नाहीत. या इंजेक्शनने पोरगं लुळं पडेल अशी भीती लोक घालतात. ऐकून घ्यावं आणि सोडून द्यावं, शंका असली तर डॉक्टरांनाच विचारावी.

स्टेरॉइडचा महिना घरच्यांची परीक्षा बघणारा. लेकराचा चेहरा सुजून गोल होतो, रात्री दोन वाजता उठून भात मागतं, दिलेला भात फेकून देतं, आजीला चावतं. बघणाऱ्याला वाटतं, लाडाने बिघडलं. ते लेकरू बिघडलेलं नसतं, गोळ्या बोलत असतात. दोनतीन आठवड्यांत केस गळतात. ते परत येतात.

महिन्याअखेर बहुतेक मुलांच्या मगजात आजार दिसेनासा होतो. इथेच घात होतो. ज्वारीच्या रानात हराळी वरवर उपटली की रान स्वच्छ दिसतं, पण काशा जमिनीत असतात, हे कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. इथेही सूक्ष्मदर्शकाखाली न दिसणाऱ्या पेशी उरलेल्या असतात. त्यांच्यासाठी पुढचे काही महिने जोरकस केमोचे टप्पे, आणि त्यानंतर दीडेक वर्ष किंवा थोडं जास्त मेंटेनन्स: रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिनची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी. या काळात पोरगं अंगणात खेळत असतं, केस आलेले असतात, आणि शेजारी विचारतात, "अजून चालूच आहे व्हय औषध?" गोळ्या सारख्या चुकत गेल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, आणि उलटलेला आजार बरा करणं पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.

प्रत्येक कॅन्सरचं वेळापत्रक असंच असतं असं नाही. डोळ्याचा, मूत्रपिंडाचा, मेंदूतल्या गाठीचा, हाडाचा उपचार वेगळा. कुठे ऑपरेशन, कुठे रेडिएशन, कुठे सहा महिन्यांत आटोपतं. पण घराची ओढाताण सगळीकडे सारखीच.

सोलापूर ते परळ

आपल्या जिल्ह्याला कॅन्सर नवा नाही. बार्शीत नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर हॉस्पिटल आहे, आणि १९८७ पासून तिथे चालणारी कॅन्सर नोंदणी ही देशातली ग्रामीण भागातली पहिली. सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, आहे. तरी लहान मुलांच्या कॅन्सरचा स्वतंत्र विभाग लागतो तेव्हा बऱ्याच घरांना पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. मुंबई म्हणजे परळचं टाटा मेमोरियल, १९४१ सालचं.

सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री सोलापुरातून निघते आणि सकाळी दादरला उतरवते. साडेचारशे किलोमीटर. तिकिटाचं म्हणाल तर कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सवलत मिळते, सोबतच्या एका माणसाला त्याच वर्गांत ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. वंदे भारतला ही सवलत धरून चालू नये. पण सवलत मिळाली म्हणजे बर्थ मिळाला असं नव्हे. केमोची तारीख डॉक्टर आठवडाभर आधी देतात, कधी काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचा आकडा, कमी आला म्हणून पुढे ढकलतात, आणि गाडीचं वेटिंग सत्तरवर गेलेलं असतं. मोबाईलवर चटचट बोटं चालवणारा, आरक्षणाच्या रांगेत दाखला घेऊन उभा राहणारा भाचा असेल, तर त्याने एवढं एकच काम अंगावर घ्यावं. तिकीट, परतीचं तिकीट, तारीख बदलली की रद्द करून दुसरं. दोन वर्षं. हे काम कुणाला दिसत नाही आणि त्याच्यावाचून सगळं अडतं.

मुंबईत राहायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. बाहेरगावच्या कॅन्सरग्रस्त मुलांसाठी आईबापासकट मोफत राहण्याची सोय सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स २००६ पासून करतात. यांतल्या कुठेही जागा हमखास मिळेलच असं नाही. टाटातल्या समाजसेवकाला पहिल्याच दिवशी भेटणं हा त्यातला शहाणपणाचा रस्ता, कारण चिठ्ठी तिथूनच जाते. वॉर्डाबाहेर फुटपाथवर दोन रात्री काढल्यावर मग कुणीतरी "अहो, समाजसेवकाला भेटलात का?" विचारतं. हे वाक्य आपण सोलापुरातच, गाडीत बसायच्या आधी सांगू शकतो.

पैशाचं थोडं सविस्तर बोलतो, कारण गैरसमज तिथेच जास्त. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं आणि कॅन्सरचे बरेच उपचार त्यात बसतात. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस खिडकीवर बसलेला असतो, त्याला गाठायचं. अडतं कुठे, तर रेशन कार्डावर. तीनचार वर्षांच्या लेकराचं नाव कार्डावर चढवलेलंच नसतं. आधारवर आडनावाची स्पेलिंग वेगळी, जन्मदाखल्यावर तिसरीच. ज्या बाईचं लेकरू वॉर्डात आहे ती मुंबईहून येऊन सोलापुरात रेशन ऑफिसच्या रांगेत उभी राहू शकत नाही. तुम्ही राहू शकता. सही लागेल तिथे तिचा अर्ज घेऊन या, बाकीच्या चकरा तुम्ही मारा.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवण्याचं बंधन आहे. त्याला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय सहाय्यता निधी यांना डॉक्टरच्या सहीचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. आपल्याकडे घरोघर विड्या वळणाऱ्या बाया आहेत. ज्यांच्याकडे विडी कामगाराचं ओळखपत्र आहे त्यांनी कामगार कल्याणच्या दवाखान्यात उपचारखर्चाच्या मदतीची चौकशी जरूर करावी. बापाचं ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापलं जात असेल तर तिथेही. एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळ्या कागदांच्या दहा-दहा झेरॉक्स घालून ते फोल्डर त्या घरात नेऊन द्या. मी तर म्हणेन फळांच्या पाटीपेक्षा हे बरं.

पण योजना भरते ते औषधाचं. घरभाडं, लाईटबिल, मुंबईतला दोन वेळचा वडापाव, टॅक्सी, डायपर, हे कोण भरणार? पॉवरलूमवर पीसवर काम करणाऱ्याचा खाडा म्हणजे त्या आठवड्याचा पगारच नाही. हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या आईचे हात लेकराच्या उशाशी अडकले की ती मजुरी शून्य. म्हणून एकरकमी वीस हजार देऊन मोकळं होण्यापेक्षा दरमहा हजार रुपये दोन वर्षं देणारी माणसं त्या घराला जास्त उपयोगाची. मित्रांनी मिळून घरभाडं वाटून घेतलं तर आणखी उत्तम. मालकाने कामावरची जागा धरून ठेवली, ॲडव्हान्स लगेच कापला नाही, तर ती मदत कुठल्याही देणगीच्या तोडीची आहे.

सोशल मीडियावर आवाहन टाकायचं असेल तर आईबापाला विचारून. टक्कल पडलेल्या लेकराचा नाकात नळी घातलेला फोटो फिरवायचा नाही. उद्या ते शाळेत जाणार आहे. तारीख घाला, एकच संपर्क द्या, शक्य असेल तिथे रुग्णालयात केस नंबरवर थेट पैसे भरायला सांगा, आणि गरज भागली की तसं कळवा. नाहीतर तोच मेसेज तीन वर्षांनी पुन्हा फिरतो आणि घरच्यांना भलत्याच वेळी फोन येतात.

ताप

एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. केमो चालू असलेल्या लेकराचा ताप ही इमर्जन्सी असते. रात्री अकराला आला तरी, दिवाळीच्या पाडव्याला आला तरी.

केमो वाईट पेशींबरोबर चांगल्या पांढऱ्या पेशीही मारते. जंतूंशी पहिली लढाई देणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी ५०० च्या खाली गेल्या की साधा जंतूही काही तासांत रक्तात पसरतो. घरचे म्हणतात, "काउंट कमी आहे," ते हेच. अशा वेळी ताप हे एकमेव लक्षण असू शकतं. लेकरू हसत-खेळत असलं तरी. १००.४ फॅरनहाइट टिकून असेल किंवा एकदाच १०१ दिसला असेल, तर निघायचं. तुमच्या डॉक्टरांनी दुसरा आकडा दिला असेल तर तो धरायचा. पोचल्यावर शिरेतून पहिलं अँटिबायोटिक तासाभरात जायला हवं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल पाजून "सकाळी बघू" म्हणायचं नाही. ताप औषधाने झाकला जातो, संसर्ग नाही. प्लेटलेट कमी असताना कुल्ल्यावर इंजेक्शन घेणंही धोक्याचं, म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात "एक सुई मारा" हा मार्ग बंद.

सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, पत्र्याच्या घरात दुपारी सगळ्यांचंच अंग गरम लागतं. हात लावून ठरवू नका. थर्मामीटर लावा, आकडा आणि वेळ कागदावर लिहा. घरात दोन थर्मामीटर असू द्यात, कारण एकाची बॅटरी नेमकी त्या रात्री संपते.

आता शेजाऱ्याचं काम. ज्या गल्लीत असं लेकरू आहे तिथे दोन गाडीवाल्यांनी आधीच सांगून ठेवावं: "वहिनी, रात्री कधीही फोन करा. माझा लागला नाही तर ह्यांना करा." ठरलेलं रुग्णालय कोणतं, रात्री तिथे बालरोगतज्ज्ञ असतात का, गेट कोणतं, हे एकदा दिवसाउजेडी जाऊन बघून यावं. फाईलच्या पहिल्या पानाचा, म्हणजे आजाराचं नाव, चालू औषधं आणि मुंबईच्या डॉक्टरांचा नंबर असलेल्या पानाचा फोटो त्या दोघांच्याही मोबाईलमध्ये असावा. कॅज्युअल्टीत गेल्यावर पहिलं वाक्य, "याला केमो चालू आहे, ताप आलाय, काउंट कमी असू शकतो." रांगेत नंबर लावून बसायचं नाही. आई घाबरलेली असते, तिला हे ठणकावून म्हणता येत नाही. शेजारचा भाऊ म्हणू शकतो.

बाकी संसर्गाचं. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, चारपाच दिवसांचं पाणी पिंपात, टाकीत साठवायची आपल्याला सवय. त्या लेकराचं प्यायचं पाणी मात्र रोज उकळून गार केलेलं, झाकलेलं, ओगराळ्याने काढलेलं. पाणी यायच्या दिवशी ती आई मुंबईत असेल तर तिची टाकी भरून ठेवा. हीसुद्धा कॅन्सरची मदतच.

भेटायला जायचं तर आधी फोन करून, एकदोघांनी, स्वतःला सर्दी-खोकला नसताना. आत गेल्यावर साबणाने हात धुवा, मास्क लावा, मुका घेऊ नका. तुमच्या घरात कुणाला कांजिण्या किंवा गोवर आला आणि ते लेकरू दोनतीन दिवसांत तुमच्याकडे येऊन गेलं असेल, तर लाजून गप्प बसू नका. त्याच दिवशी फोन करा. संपर्कानंतर लवकर कळलं तर डॉक्टर बचावाचं औषध देऊ शकतात, उशीर झाला तर नाही. घरातल्या धाकट्या भावंडाला तोंडावाटे पोलिओचा डोस द्यायच्या आधीही त्या डॉक्टरांना विचारावं लागतं. पल्स पोलिओच्या ताईंनी हे समजून घ्यावं, घर डोस चुकवतंय असं धरू नये.

रक्त कुणाचं?

"आमचं सगळं खानदान रक्त द्यायला तयार आहे," असं अभिमानाने सांगितलं जातं. भावना मोठी, पण पुढे मॅरो बदलायची, म्हणजे ट्रान्सप्लांटची, वेळ येऊ शकते अशा लेकराला सख्ख्या नात्यातलं रक्त देणं डॉक्टर सहसा टाळतात. म्हणून खरी गरज मित्रांची, कारखान्यातल्या सोबत्यांची, गणेश मंडळाच्या पोरांची. प्लेटलेट फक्त पाच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. आकडा १० हजारांच्या आसपास घसरला की आजच्या आज लागतात. यंत्रावर एका दात्याकडून प्लेटलेट काढायला तास-दीड तास लागतो, बाकीचं रक्त परत त्याच्याच अंगात जातं, त्यामुळे थोड्याच दिवसांत तो पुन्हा देऊ शकतो. पूर्ण रक्त दिलं तर पुरुषाला तीन आणि बाईला चार महिने थांबावं लागतं. मंडळाने जयंतीला मोठं शिबिर घेऊन एकाच दिवशी सगळ्यांचं रक्त काढून टाकण्यापेक्षा पंधरा जणांची गटवार यादी बनवून वर्षभर तयार ठेवली, तर त्या घराचं निम्मं ओझं उतरलं. शिबिराचा बॅनर छापता येतो, यादीचा छापता येत नाही, एवढाच काय तो तोटा.

जेवणाचं थोडक्यात. केमोने तोंडात फोड येतात. अशा तोंडाला आपली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी म्हणजे छळ. मऊ भात, पातळ वरण, मुगाची खिचडी, साय काढलेलं कोमट दूध, उकडलेलं अंडं. ताजं शिजवलेलं आणि गरम असताना खाल्लेलं बरं. मोड आलेली कच्ची मटकी, कापून ठेवलेली फळं, गाड्यावरचा रस, गोळा, पाणीपुरी नको. केळी, घरी धुऊन सोललेलं डाळिंब चालतं. शेजारणीने डबा द्यायचा तर आधी विचारून, आणि कधी त्या लेकरासाठी नाही तर घरी राहिलेल्या आजोबांसाठी द्यावा. त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

पपईच्या पानांचा रस, गुळवेल, कुणा वैदूची पुडी: प्रेमाने आणलेलं असतं, पण केमोची औषधं आधीच यकृतावर भार टाकतात, त्यात हे कशात मिसळेल सांगता येत नाही. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात काही नको. अंगारा कपाळाला लावा, पाण्यात घालून पाजू नका. सिद्धरामेश्वराला नवस बोलायला कुणाची ना नाही, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत लेकराला खांद्यावर घेऊन जायला मात्र डॉक्टरांची आहे.

तोंडाने काय बोलावं

"धीर धरा," "सगळं देवाच्या हातात," "आमच्या ओळखीच्या एकाला असंच झालं होतं, तो गेला." हे तिसरं वाक्य लोक खरोखर बोलतात, तेही लेकरासमोर. चार-पाच वर्षांचं पोरगं ऐकत असतं. त्याला 'कॅन्सर' कळत नसेल, 'गेला' कळतं.

मुलीच्या बाबतीत आणखी एक वाक्य कानावर येतं: "पोरीवर एवढा खर्च?" देशातल्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांच्या नोंदींत मुलग्यांच्या मानाने मुली कमी दिसतात, आणि त्याचं कारण फक्त आजारात नाही. हे वाक्य तुमच्यासमोर कुणी उच्चारलं तर तिथल्या तिथे तोडा. घरची सून ते तोडू शकत नाही. तुम्ही वडीलधारे असाल तर तुमचा एक शब्द पुरे.

बापाशीही बोलावं. आईला निदान जवळ बसून रडायला कुणी असतं, बापाला सगळे "पैशाचं काय केलंस?" एवढंच विचारतात. त्याला चहाच्या गाड्यावर घेऊन जा, आणि विचारायचंच झालं तर विचारा, "काल झोपलास का?"

मोठं भावंड हे या सगळ्यातलं सर्वात विसरलेलं माणूस. आईबाप मुंबईत, ते मावशीकडे. ताईला वाटत असतं, मी त्या दिवशी भावाला ढकललं म्हणून त्याला झालं. लहान वयात असंच वाटतं, आणि ती ते बोलून दाखवत नाही. तिला साध्या शब्दांत सांगा: हे तुझ्यामुळे नाही, तुलाही होणार नाही, आईबाबा परत येणार आहेत, अमुक वारी. तिच्या पालकसभेला जा. तिचा वाढदिवस कुणीतरी लक्षात ठेवा.

कधी उपचार लागू पडत नाही. डॉक्टर सांगतात, आता त्रास कमी ठेवणं एवढंच. तेव्हा "हैदराबादला दाखवलंत का, केरळात एक जण आहे," असं सुचवून त्या घराला पुन्हा गाडीत बसवू नका. दुसरं मत घ्यायची वेळ आधीची. या वेळी वेदना कमी करणारी औषधं, अगदी मॉर्फिनसुद्धा, लेकराला मिळणं हा त्याचा हक्क आहे. आणि नंतरही, दिवसकार्य उरकल्यावर, त्या घरी जात राहा. लेकराचं नाव घेऊन बोला. टाळू नका.

बहुतेक घरं मात्र मेंटेनन्सपर्यंत पोचतात, आणि तिथेच एकटी पडतात. आठव्या-नवव्या महिन्यात कुणाला फोन करावा वाटत नाही, कारण बातमी जुनी झालेली असते. तेव्हा विचारायचं ते असं: "मंगळवारी सीबीसीची रक्ततपासणी असते ना? मी आठ वाजता स्कूटर घेऊन येतो." "रिपोर्ट मी आणून मुंबईच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲप करू का?" "गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात?" मर्कॅप्टोप्युरिन प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, त्यामुळे पंधरा दिवसांचा साठा उरला असतानाच शोधाशोध सुरू करायची. गरोदर बाईने या गोळ्या उघड्या हाताने तोडू नयेत. केमोनंतर दोन दिवस लेकराची उलटी-लघवी साफ करणाऱ्याने हातमोजे घालावेत.

शाळेचा प्रश्नही याच सुमाराला येतो. डॉक्टरांनी होकार दिला की लेकराला वर्गात पाठवणं हाही उपचाराचाच भाग. बाईंनी वर्गाला आधी सांगून ठेवावं की हा आजार लागत नाही, टोपी ओढायची नाही, आणि वर्गात कुणाला कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी घरी कळवायचं. हजेरीच्या नियमात त्याला अडकवू नये.

उपचार संपल्यावर घंटा वाजते, पेढे वाटले जातात, आणि दुसऱ्याच आठवड्यात साधा ताप आला तरी आई रात्रभर जागी असते. चुकलेल्या लसी काही महिन्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू करायच्या असतात. तपासणीच्या चकरा आधी दर महिना-दोन महिन्यांनी, मग विरळ होत वर्षानुवर्षं चालतात. रेल्वेची सवलत या तपासणीच्या प्रवासालाही लागू असते, तेव्हा तो भाचा तिकिटाच्या कामावरून लगेच मोकळा होत नाही. आणि पतसंस्थेचं कर्ज, गहाण टाकलेलं मंगळसूत्र, सुटलेलं लूमवरचं काम हे सगळं तेव्हाच दारात उभं राहतं, म्हणून दरमहाचे हजार रुपये लेकरू बरं झालं म्हणून त्याच महिन्यात थांबवू नयेत. बापाला पूर्ण पगाराचं काम लागेपर्यंत चालू ठेवावेत.